झाडं झोपल्यावर

घर घेतलं तेव्हा नोव्हेंबर होता
आणि परसात नुसत्या काटक्या.
मुलगा म्हणाला, इथे ट्रॅम्पोलीन बसेल.
कुंपणापलीकडून मॉर्ना गेडीसनं मान हलवली:
एक वर्ष हात लावू नका.
आधी बघा, कोण कोण आहे.

तर मी बघत राहिले.
मार्चमध्ये एका काटकीचे डोळे फुगले,
चुरडले तर बोक्याच्या मुताचा वास.
ते ब्लॅककरंट निघालं.
दुसरी अंगभर काटे घेऊन उभी,
तिला जुलैत केसाळ, रेघारेघांची गूजबेरी.
पिंपामागे रेडकरंट,
पिकल्या दिवशीच पाखरांनी संपवलेलं.
आणि दक्षिणेच्या भिंतीला पाठ लावून,
हात दोन्हीकडे पसरून,
झडतीला उभं केल्यासारखं
प्लमचं झाड.

मॉर्नाचे नियम थोडेच, पण खडसावून सांगितलेले.
ब्लॅककरंटचं काळं पडलेलं लाकूड जमिनीलगत काप,
पिवळसर ठेव, त्याला फळ येतं.
गूजबेरी मधून मोकळी कर, वाडग्यासारखी,
आत वारा फिरला पाहिजे.
ती बोलायची, मी कात्री धरायचे,
आणि कानात आत्याचा एकच नियम:
तिन्हीसांजेनंतर झाडाला हात लावू नये.
झाडं झोपतात.

पण आत्या, तुझी तिन्हीसांज साडेसहाची.
इथे हंटलीत डिसेंबरात ती साडेतीनला येते,
मी औषधांच्या दुकानात
दुसऱ्यांच्या खोकल्याच्या बाटल्या मोजत असते तेव्हा.
आणि जूनमध्ये रात्री साडेदहाला
गूजबेरीचा काटा न् काटा दिसतो.
इथली झाडं मग झोपतात कधी?
मॉर्नाला विचारलं. तिनं बाहीला नाक पुसलं.
"जानेवारीत," म्हणाली. "सगळी एकदम."

मेच्या आठ तारखेला प्लम पांढरंशुभ्र होतं.
दुपारी कोट काढण्याइतकं ऊन.
संध्याकाळी वारा पडला, आभाळ निखळ झालं,
खिडकीबाहेरचा पारा दोनवर.
मॉर्ना दारात: चादरी आहेत?
होत्या, इलॅस्टिकच्या, पलंगाच्या मापाच्या.
झाड दहा हात रुंद.
मग बॅगेच्या तळाची आमसुली साडी काढली,
भाचीच्या लग्नासाठी घेतलेली.
त्या लग्नाला जाणं झालं नव्हतं,
घडी मोडली नव्हती.

रात्री अकराला, शिडीवर, बोटं बधिर,
मी प्लमला साडी नेसवत होते.
माफ कर, म्हटलं, झोपलं असशील.
निऱ्यांचा प्रश्नच नव्हता,
पदर भिंतीतल्या खिळ्याला अडकवला.
मॉर्ना खालून टॉर्च धरून ओरडत होती,
ती जर बाहेरच्या बाजूला घे, फुलांना खरचटेल.

सकाळी गवत पायाखाली करकरत होतं.
साडी पापडासारखी कडक.
पोस्टमननं गाडी थांबवली आणि विचारलं,
घरी पाहुणे आलेत का.
साडी उचलली.
आत फुलं होती तशीच.
एक फांदी बाहेर राहून गेली होती,
तिचं प्रत्येक फूल वरून पांढरं,
मधोमध काळा ठिपका.

सप्टेंबरात एक्केचाळीस प्लम मोजले.
गूजबेरीचं मोहरी लावून लोणचं केलं,
मॉर्नानं चमचाभर खाल्लं, पाणी मागितलं,
आणि बरणी घेऊन गेली.
साडीला खिळ्याचा गंज लागलाय, तळहाताएवढा.
आता ती शेडमध्ये असते, कुदळीशेजारी.

आज जानेवारी. साडेतीन वाजलेत, अंधारतंय.
ब्लॅककरंटची जुनी चार लाकडं काढायची आहेत.
प्लमला आत्ता कात्री चालत नाही, रोग शिरतो;
त्याला उन्हाळ्यातच कापायचं, जागेपणी.
याला मात्र झोपेतच.
म्हणजे आत्या, तुझा नियम अर्धा उरला.
तरी पातं टेकवण्याआधी
मी खाली वाकून काहीतरी सांगते.
काय, ते मॉर्नाला ऐकू जात नाही.
थंडीत तिच्या कानातल्या यंत्राची बॅटरी टिकत नाही.